कामिनीच्या आळ्यात सोंगक्रान

बुधवार लावणीला शुभ, म्हणून कामिनी आजच लावायची, हे लमियतचं म्हणणं. आणि एप्रिल आहे म्हणून आज लावायची नाही, हे थावोनचं. खड्डे थावोनच खणत होता, तेव्हा कोणाचं म्हणणं चाललं ते वेगळं सांगायला नको.

थायलंडमधल्या राचबुरीच्या त्या गल्लीत डांबर उन्हाने मऊ पडलं होतं. कुत्र्यांनीसुद्धा भुंकायचं काम संध्याकाळवर ढकललं होतं. अशा वेळी डोक्यावर ओला टॉवेल टाकून थावोन पूर्वेच्या कुंपणालगत पहार मारत होता आणि दर दोन घावांनंतर थांबून तीच गोष्ट नव्याने सांगत होता. पाऊस महिन्याभरावर आलाय. तेव्हा लावली तर झाडं आपोआप जगतील. आत्ता लावली तर आधी लावणारा वाळेल, मग झाडं.

"पिशवीत ठेवली तर आठवड्यात वाळतील," लमियत म्हणाली. "आणि पुन्हा आणायला आता आईचं दार राहणार नाही."

यावर थावोनने पहार उचलली. सुपानकडचं सासूबाईंचं घर मेव्हण्यांनी विकलं होतं, आणि सण उरकला की तिथे बुलडोझर येणार होता. दारातली कामिनीची गर्द हिरवी भिंत सासूबाईंनी स्वतःच्या हाताने लावलेली. त्या जाऊन दोन वर्षं झाली तरी ती बाराही महिने तश्शीच हिरवी होती. तिच्याखाली उगवलेली अकरा रोपं लमियतने मातीसकट उकरली होती आणि बसमध्ये मांडीवर घेऊन आणली होती. थावोनचं सासूशी कधी फारसं पटलं नाही, पण लमियतला मागणी घालताना त्याने त्याच भिंतीची पानं खुडून खुडून एक फांदी उघडी केली होती, हे तो विसरला नव्हता. तेव्हा अकरा खड्डे झाले, अकरा आळी झाली, आणि प्रत्येक आळ्यात लमियतने भाताचा पेंढा अंथरला.

शुक्रवारी ती माहेरी निघाली. सोंगक्रानात देवळात जाऊन आईच्या अस्थींना सुगंधी पाण्याने न्हाऊ घालायचं होतं, आणि त्या घराचा शेवटचा निरोपही घ्यायचा होता. थावोन जाणार नव्हता. सोंगक्रान म्हटलं की त्याच्या कपाळावर आठी पडे. नव्या वर्षाच्या नावाखाली तीन दिवस अख्ख्या देशाने एकमेकांच्या अंगावर पाणी ओतायचं, यातली मजा त्याला पासष्टीपर्यंत कळली नव्हती. गेल्या वर्षी बदकाची अंडी घेऊन घरी येताना ओड नावाच्या पोराने पिकअप गाडीतून त्याच्या कॉलरमध्ये बर्फाचं पाणी सोडलं होतं. अंड्यांचं काय झालं ते विचारू नका. थावोनने गावप्रमुखाकडे तक्रार केली आणि फाटकावर पाटी लावली: 'इथे पाणी उडवू नये. घरात वृद्ध माणूस आहे.' तो वृद्ध माणूस म्हणजे तो स्वतःच. तेव्हापासून गल्लीतली पोरं त्याला 'लुंग थावोन', म्हणजे थावोनकाका म्हणत, हात जोडत आणि लांबून जात.

निघताना लमियत स्वयंपाकघरामागे आली. तिथे पावसाचं पाणी साठवायचे तीन मोठे रांजण ओळीने उभे होते, आणि तिसऱ्याच्या लाकडी झाकणावर रेडिओ आणि कॉफीचा ग्लास ठेवून थावोन बॉक्सिंग ऐकत होता. तो तिसरा रांजण तडकलेला होता. थावोनची उभी हयात रांजणाच्या भट्टीवर गेलेली, त्यामुळे त्याने दोन वर्षांपूर्वीच निकाल दिला होता, की तडकलेला रांजण सांधत नाही, आपण भट्टीवरून नवा आणू. नवा काही आला नव्हता. झाकणाचं मात्र टेबल झालं होतं.

"पी, नीट ऐका," लमियत म्हणाली. थोरल्यांना म्हणायचं ते 'पी' ती लग्नाआधीपासून म्हणत होती. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा पाणी. मुळाशी घालायचं, पानांवर नाही. भर उन्हात तर पानांवर थेंबही नको. इथपर्यंत थावोनने ऐकलं. मग रेडिओवर तिसरी फेरी सुरू झाली. "आणि नळ गेला तर रांजण..." असं काहीतरी ती पुढे म्हणाली, पण रांजणाचं नाव निघालं की पुढे आपला उद्धार होतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं.

"कळलं, सगळं कळलं," तो म्हणाला.

"ती जगली पाहिजेत, पी. आईचं एवढंच उरलंय माझ्याकडे."

हे वाक्य त्याने नीट ऐकलं. रेडिओ बंद करून ऐकलं.

सणाच्या पहिल्या दिवशी सकाळी नळाने दोनदा खोकला काढला, थोडा गंज थुंकला आणि मान टाकली. गल्लीच्या या शेवटच्या टोकाला दरवर्षी हेच होई, कारण वरच्या अंगाला घरोघरी पिंपं भरायला लागत. एरवी थावोनला त्याचं काही वाटलं नसतं. आज मात्र तो धावत कुंपणाशी गेला. रोपांनी पानं मिटायला सुरुवात केली होती. मागचे दोन रांजण फेब्रुवारीतच कोरडे पडलेले. घरात पिण्याच्या पाण्याचा एक जार होता. त्यातला अर्धा त्याने वाटून वाटून घातला. पेंढ्याने तो पिऊन टाकला आणि आणखी मागितल्यासारखा कोरडा पडून राहिला.

मग त्याने मोटारसायकलला दोन कॅन बांधले आणि मेक्लाँग नदी गाठली. कॅन काठोकाठ भरून परत येताना बाजाराच्या चौकात त्याला गर्दीने अडवलं. या गर्दीला लुंग थावोन कोण ते माहीत नव्हतं. तिला एवढंच दिसलं, की एक म्हातारा स्वतः पाणी घेऊन खेळायला आलाय. लोकांनी मोठ्या कौतुकाने त्याचे कॅन सोडले, त्यातलं सगळं पाणी त्याच्याच डोक्यावर रिकामं केलं, गालांना पांढरी माती फासली, "नवं वर्ष सुखाचं जावो, लुंग," म्हणून हात जोडले आणि रिकामे कॅन परत बांधून दिले. थावोन घरी पोचला तेव्हा नखशिखान्त ओला होता आणि रोपं कोरडी होती.

शेजारच्या चलुआयबाई दारातच रश्शाची पातेली मांडून बसत. त्या थावोनहून मोठ्या, आणि त्याला एकेरीत हाक मारणाऱ्या गल्लीतल्या एकट्या. उपाशी असशील म्हणून त्यांनी मोगऱ्याच्या गार पाण्यातला भात वाडगाभर आणून दिला. सणाचं खास पक्वान्न ते. थावोनने आभार मानले, आणि त्या वळल्यावर सगळं पाणी कोपऱ्यातल्या रोपाला घालून कोरडा भात चावत बसला. चलुआयबाई काही वळल्या नव्हत्या. त्यांनी पाहिलं, पण बोलल्या नाहीत. फुकटची करमणूक बोलून कोण घालवतो?

चावता चावता थावोनच्या डोक्यात प्रकाश पडला. अख्ख्या गावात पाणीच पाणी आहे. रस्त्यावर वाहतंय, गाड्यांवर पिंपाने आहे, आणि तीन दिवस ते फुकट अंगावर येतं. आपण पाटी लावून ते अडवलंय. कोणाकडे बादलीभर पाणी मागणं मात्र शक्य नव्हतं. विशेषतः ओडकडे तर नाहीच. तक्रार करणाऱ्या माणसाने वर्षभरात त्याच पोराच्या दारी बादली घेऊन जायचं म्हणजे पाटीवर दुसरं काहीतरी लिहावं लागलं असतं. पण अंगावर पडलेलं पाणी काही मागितलेलं नसतं. त्याने पाटी उतरवली, कोरडा पांढरा सदरा घातला आणि रोपांच्या पुढे खुर्ची टाकून बसला.

ओडची पिकअप आली. मागे पाच-सहा पोरं, दोन पिंपं, वाजणारं गाणं. थावोनला पाहताच गाणं हळू झालं. पोरांनी डबडी खाली ठेवली, ओळीने हात जोडले, आणि गाडी अंत्ययात्रेच्या चालीने पुढे गेली. दुसरी गाडीही तशीच गेली. तिसरीतल्या एका पोरीने चुकून हात उचलला, तर तिच्या भावाने तो धरून खाली ओढला. संध्याकाळपर्यंत थावोनला उभ्या जन्मात मिळाला नव्हता एवढा मान मिळाला, पण पाण्याचा थेंब नाही. उरलेला अर्धा जार रोपांना घालून तो तहानलेलाच झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन रोपांनी माना टाकल्या होत्या. लमियत फाटकात उभी राहील आणि काही बोलणार नाही, हे थावोनला डोळ्यांपुढे दिसायला लागलं. ती बोलली असती तर त्याला चाललं असतं. तेवढ्यात ओडची गाडी पुन्हा आली आणि पोरांनी पुन्हा हात जोडले. मग थावोनने चलुआयबाईंनी दिलेला गार पाण्याचा पेला उचलला आणि थेट ओडच्या तोंडावर फेकला.

क्षणभर गाणंसुद्धा थांबलं.

"लुंग," ओड तोंड पुसत म्हणाला, "हे रागाने केलंत की सणाचं म्हणून?"

"सणाचं म्हणून."

"मग आमच्याकडून पण चालेल?"

"पिंपं कशाला आणलीयेत, शोभेला?"

दोन पिंपं एका दमात रिकामी झाली. पण पोरांचा नेम म्हणजे काय सांगावं. निम्मं पाणी खुर्चीवर गेलं, आणि निम्मं भर उन्हात रोपांच्या पानांवर. थावोनला लमियतचं बोलणं आठवलं. पानांवर थेंबही नको म्हणाली होती. त्याने खुर्ची लाथेने बाजूला केली, चपला काढल्या आणि एका आळ्याच्या काठावर रोपाला पाठीशी घालून उभा राहिला. मग त्याच्या लक्षात आलं, की सगळं पाणी आपल्या अंगावर घेतलं तर ते डोक्यावरून पाठीवर, पाठीवरून लुंगीत आणि लुंगीतून थेट आळ्यात उतरतं. मुळाशी. पानांना धक्का नाही. लमियतलासुद्धा याहून नीट घालता आलं नसतं.

"आता इथे," तो म्हणाला. गाडी भरून आली, की तो पुढच्या आळ्यात सरके. "आता इथे." पोरांना वाटलं, लुंगने नवा खेळ काढलाय. दुपारपर्यंत खालच्या गल्लीतल्या गाड्याही यायला लागल्या, कारण राचबुरीत एक म्हातारा आहे, तो पळत नाही, उलट जागा दाखवतो, ही बातमी सगळीकडे झाली होती.

ती गावप्रमुखाच्या कानावरही गेली. लुंग थावोन निवळले, पाटी उतरली, याचा त्याला एवढा आनंद झाला, की संध्याकाळी तो गल्लीतली सगळी मंडळी घेऊन रीतसर आला. चांदीचं भांडं, मोगऱ्याच्या कळ्या टाकलेलं पाणी, नवी लुंगी. थोरांच्या हातांवर वाटीवाटीने पाणी ओतून वर्षभराच्या चुकांची माफी मागायची आणि आशीर्वाद घ्यायचा, हा सणाचा खरा मान, आणि तो या घराला कधी मिळाला नव्हता. थावोनला खुर्चीवर बसवलं. हातांखाली तसराळं ठेवलं. थावोनने पाहिलं, की रांग फाटकाबाहेर गेलीये आणि प्रत्येकाच्या हातात वाटी आहे. त्याने पायाने तसराळं हळूच दूर केलं आणि हात आळ्यावर धरले.

"मूळ धरा," त्याने पहिल्याला आशीर्वाद दिला. "वाळू नका," दुसऱ्याला. चार-पाच जण झाले की तो म्हणे, "इथे पाठीला ऊन लागतंय," आणि खुर्ची पुढच्या आळ्याकडे सरकवे. सूर्य तर मावळला होता, पण थोरांना कोण सांगणार? चांदीचं भांडं घेऊन गावप्रमुख आणि त्यामागे अख्खी रांग कुंपणालगत इंचाइंचाने सरकत होती. नुकत्याच लग्न झालेल्या जोडप्याला थावोन म्हणाला, "दोघं घट्ट रुजा, पावसाळ्यापर्यंत नवी पालवी फुटू दे," आणि नवरी लाजून चूर झाली.

चलुआयबाई कडेला पंखा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी वाकून थावोनच्या कानात सांगितलं, "आशीर्वाद चांगले देतोयस. फक्त तोंड माणसांकडे ठेव."

शेवटी ओड आला. गाडीवरचा दांडगा पोरगा, पण इथे गुडघे टेकून बसला आणि वाटी ओतता ओतता हळू आवाजात म्हणाला, "लुंग, गेल्या वर्षीच्या अंड्यांबद्दल माफ करा."

थावोनला काय झालं कोणास ठाऊक. दिवसभर पाण्यात उभं राहूनही जे डोळे कोरडे होते, ते भरून आले. एका पोराने कॉलरमध्ये पाणी टाकलं म्हणून आपण वर्षभर दार लावून बसलो, याची त्याला खरोखर लाज वाटली.

"माफ केलं," तो म्हणाला. मग त्याची नजर कोपऱ्यातल्या अकराव्या रोपाकडे गेली, जिथे वाटी पोचली नव्हती. "अजून आहे का त्यात? ओत, सगळं ओत."

तिसऱ्या दिवशी सकाळी दहा रोपं ताठ उभी होती. अकरावं, कोपऱ्यातलं, अजून रुसलेलं होतं. थावोन त्याच्या आळ्यात जाऊन उभा राहिला आणि गाडीची वाट पाहू लागला. ओडने त्या दिवशी लुंगचा खास मान करायचं ठरवलं होतं. गाडीत पाण्याऐवजी निम्मा बर्फच होता. पहिली बादली थावोनच्या पाठीवर पडली. त्याची पाचावर धारण बसली ती स्वतःसाठी नाही, रोपासाठी. असलं गार पाणी त्या कोवळ्या मुळांवर पडलं तर सगळं मुसळ केरात. तेव्हा तो पाठ फिरवून रोपावर वाकला, हात पसरले, आणि गारठा सगळा आपल्या हाडांत मुरवत खाली कोमट पाणी सोडायचा प्रयत्न करत राहिला. पोरं टाळ्या वाजवत होती. दात वाजत होते ते थावोनचे.

लमियत फाटकात उभी राहिली ती या वेळी. एका हातात पिशवी, एका हातात आईच्या घरातली पाटा-वरवंट्याएवढा जड दगडी खल. तिने पाहिलं: पाटी नाही, फाटक सताड उघडं, गल्लीभर माणसं, आणि सोंगक्रानचं नाव काढलं की आठी घालणारा आपला नवरा गालांना पांढरी माती फासून आईच्या कामिनीवर छत्रीसारखा वाकलाय.

"पी," ती म्हणाली, "हे काय चाललंय?"

"पाणी घालतोय," थावोन कुडकुडत म्हणाला. "मुळाशी."

चलुआयबाईंनी मग सगळं सांगितलं. नळ, कॅन, गार भात, खुर्ची, काही म्हणता काही गाळलं नाही. लमियतने खल खाली ठेवला. ती एकेका रोपापाशी बसली आणि पानं उलटून पाहिली. "आई असती तर हसली असती," एवढंच म्हणाली आणि बाहीने डोळे पुसले. थावोनला वाटलं, आता कितीही थंडी वाजली तरी हरकत नाही.

मग ती कपडे बदलायला मागे गेली, आणि तिकडून तिची हाक आली. थावोन गेला. तिने रेडिओ आणि कॉफीचा ग्लास खाली उतरवला होता, तिसऱ्या रांजणाचं झाकण काढलं होतं, आणि ती आत पाहत होती. रांजण काठोकाठ भरलेला होता. स्वच्छ, गार, तीन दिवसांचं काय, आठवड्याचं पाणी.

"याला हात कसा नाही लावलात?" तिने विचारलं. "सांगून गेले होते ना, नळ गेला तर रांजण भरून ठेवलाय."

"तो तडकलाय," थावोन म्हणाला.

"तडकला होता. भाजीवाल्याने एकदा वाकून बघितला आणि मूठभर सिमेंटने सांधून दिला, त्याला सहा महिने झाले. तुम्ही रोज त्यावर कॉफी पिता."

थावोनने रांजणात वाकून पाहिलं. पाण्यात पांढऱ्या गालांचा एक म्हातारा त्याच्याकडे पाहत होता. भट्टीवर घालवलेल्या सगळ्या वर्षांची त्याने मनातल्या मनात क्षमा मागितली.

लमियतच्या ओठांचा कोपरा हलला. ती हसू दाबत होती, आणि ते जमत नव्हतं. तिने शांतपणे बादली रांजणात बुडवली, भरली आणि दोन्ही हातांनी उचलली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सोंगक्रानात नवऱ्यावर पाणी टाकायची तिची कधी हिंमत झाली नव्हती.

"थांब," थावोन म्हणाला.

तो अंगणातून चालत कुंपणाशी गेला, कोपऱ्यातल्या अकराव्या रोपाच्या आळ्यात अनवाणी पाय जपून ठेवले आणि पाठ ताठ केली.

"आता टाक."